फुकटचं प्यादं

१९८४चा मे महिना. जिल्ह्याच्या गावी एका मंगल कार्यालयात खुली बुद्धिबळ स्पर्धा होती. मी तेरा वर्षांची. बाबा मला पहाटेच्या एसटीनं घेऊन गेले होते, पिशवीत आईनं बांधून दिलेले धपाटे होते. चौथ्या राउंडला माझ्याकडे काळी मोहरी आली आणि समोर एक आजोबा येऊन बसले. पांढरा सदरा, खिशाला शाईचं पेन. त्यांनी माझं नाव मला विचारून, ऱ्हस्व-दीर्घाची खात्री करून स्कोअरशीटवर लिहून घेतलं. मी घड्याळाचं बटण दाबलं. पटाच्या उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच अशी अक्षरं असतात आणि आडव्या ओळींना त्याच्या बाजूनं एक ते आठ असे आकडे; नुसतं घराचं नाव घेतलं की ती प्याद्याची चाल. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत जी२वरचं प्यादं धरलं आणि अलगद दोन घरं पुढे नेऊन ठेवलं. जी४.

तोवर मी शेकडो डाव खेळले होते. कुणी ई४ खेळतं, कुणी डी४, एखादा सी४ नाहीतर घोडा एफ३. यापलीकडे पहिली चाल असू शकते हे माझ्या डोक्यातच नव्हतं. राजाच्या अंगणातलं प्यादं पहिल्याच चालीला असं उघड्यावर कोण टाकतं? मला खरं तर राग आला. वाटलं, समोर फ्रॉकमधली पोर आहे म्हणून हे काहीही खेळताहेत. त्या वर्षांत आम्हा मुलींना असा राग चटकन यायचा, कारण वर्तमानपत्रात खाडिलकर भगिनींचे फोटो आम्ही कापून वहीत चिकटवलेले असायचे. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई महिला विजेती झाली होती. मुली खेळतात, आणि जिंकतात, हे आम्हाला ठाऊक होतं. तर आता या आजोबांना दाखवूच, असं म्हणून मी डी५ खेळले.

त्यांनी उंट जी२वर ठेवला. जी४चं प्यादं तसंच, कुणाचा आधार नसलेलं. माझा सी८चा उंट सरळ त्याच्यावर रोखलेला. मी ते खाल्लं. त्यांनी सी४ केलं. आता डी५च्या माझ्या प्याद्याला सी४ही खाता येत होतं. दुसरं फुकट! तेही खाल्लं. मग त्यांचा जी२चा उंट उचलला गेला आणि एफ३, ई४, डी५, सी६ अशा मोकळ्या घरांवरून घसरत बी७वर येऊन बसला. माझं प्यादं गेलं, आणि कोपऱ्यात ए८ला माझा हत्ती अडकला. त्याला हलायला एक घर नव्हतं. हत्तीच्या बदल्यात उंट मिळाला खरा, पण हात थरथरायला लागला होता. विसाव्या-बाविसाव्या चालीला मी डाव सोडला.

आजोबांनी मोहरी पुन्हा लावली. "पोरी, बी७च्या प्याद्याला राखण कोणाची होती?" मी म्हटलं, सी८च्या उंटाची. "आणि तो उंट कुठे गेला?" मी गप्प. "मी तुला प्यादं दिलं नव्हतं. तुझा उंट तिकडे बोलावला होता."

एवढं बोलून ते चहाला गेले. पुढच्या चाळीस वर्षांत मी बरीच पुस्तकं वाचली, आता संगणकावरचं इंजिनही रोज उघडते. पण वाकड्या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या वाकड्या सुरुवातीला, काळ्यानं काय उत्तर द्यावं, या प्रश्नावर त्या दोन वाक्यांपेक्षा नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

त्या ओपनिंगला ग्रोब म्हणतात, हे मला नंतर कळलं. हेन्री ग्रोब हा स्वित्झर्लंडचा खेळाडू. त्यानं जी४वर १९४२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आणि वर्तमानपत्राच्या वाचकांशी पत्रानं असंख्य डाव खेळला. पुढे इंग्लंडच्या मायकल बासमननं तेच प्यादं उचलून धरलं. काळी मोहरी असली तरी तो जी५ खेळून दाखवायचा. ही माणसं वेडी नव्हती. जी४मुळे आपला राजा उघडा पडतो हे त्यांना कुणाही नवशिक्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा हिशेब पटावरचा कमी आणि समोरच्या माणसाचा जास्त होता. समोरचा आता मला धडा शिकवायला धावेल, आणि धावणाऱ्याची घरं मागे उघडी राहतात.

जी४ला चांगलं उत्तर अगदी साधं आहे. डी५ खेळायचं. उंट जी२वर आला की सी६. प्यादं खायचं नाही, आधी ती लांब तिरकी वाट बंद करायची. आता पांढऱ्याला स्वतःच जी४ची काळजी पडते, बहुतेक जण एच३ करतात. मग ई५. डी५ आणि ई५ अशी दोन प्यादी पटाच्या मध्यात शेजारी शेजारी उभी, काळ्याची, तीही तिसऱ्या चालीला! एरवी काळ्याला हे सुख कोण देतं? पांढऱ्यानं तीन चाली जी आणि एचच्या कोपऱ्यात घालवल्या म्हणून ते मिळालं. वाकडी चाल काळ्याला जे देते ते हे असतं: मधली जागा, एखादी चाल, थोडा मोकळा श्वास. प्यादं वगैरे देत नाही. दिल्यासारखं दिसलं तर आजोबांचा प्रश्न विचारायचा.

तयारीचे खेळाडू उंटानं जी४ खातातही. मग सी४ झालं की डी५चं प्यादं पुढे न नेता सी६ करून घट्ट बसतात, आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण ते दुसरं प्यादं खात नाहीत.

पण 'वाकडी' म्हणजे तरी काय? माझे आजोबा, बाबांचे वडील, देशी बुद्धिबळ खेळायचे. त्यांच्या पटावर प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जायचं. राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवायचं कॅसलिंग नव्हतं, शह लागायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा होती. मी शाळेतून शिकून आलेलं ई४ त्यांना दाखवलं तेव्हा त्यांनी प्यादं उचलून परत एक घर मागे ठेवलं, इतकी ती दोन घरांची उडी त्यांना बेशिस्त वाटली. त्यांच्या खेळात सुरुवात हळू व्हायची. प्यादी एकेक घर सरकायची, उंट कोपऱ्यातून डोकवायचा, राजा कडेला सरकायचा, आणि मग कुठे लढाई.

हेच खेळणं घेऊन १८५०च्या आसपास कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रन या स्कॉटिश बॅरिस्टरसमोर बसायचे. कॉक्रन तेव्हाच्या नावाजलेल्या खेळाडूंपैकी. पांढऱ्यानं मध्यात प्यादी रोवायची आणि महेशचंद्रांनी जी६ करून उंट जी७वर लपवायचा, मध्य जणू सोडून द्यायचा. युरोपच्या तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे ही मांडणी अनियमितच. १८५५ सालच्या त्यांच्या एका डावात घोडा एफ६, मग जी६, मग डी५ असा क्रम आहे. हीच मांडणी ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डनं १९२२ मध्ये खेळली आणि तिला त्याचं नाव मिळालं. सदुसष्ट वर्षांनी! आज तिला कुणी वाकडी म्हणत नाही, जगज्जेतेपदाच्या सामन्यांत ती खेळली गेली आहे. किंग्ज इंडियन, निम्झो इंडियन ही सगळी 'इंडियन' नावं या घराण्यातलीच आहेत. हे आठवलं की एखाद्या चालीकडे बघून नाक मुरडायला माझं मन धजत नाही. ज्या खेळण्याला एकेकाळी 'असं कुठे खेळतात का' म्हटलं गेलं ते आपलं, आपल्याच ओसरीवरचं होतं.

म्हणून मी अपारंपरिक ओपनिंगला आधी मान देते आणि मग तिच्याकडे बघते. मान दिला की राग येत नाही, आणि राग नसला की घरं दिसतात.

बघायचं काय, तर ती चाल कशासाठी आहे. ए३चंच घ्या. कडेचं प्यादं एक घर पुढे. दिसायला यासारखी निरुपयोगी चाल नाही. १८५८च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये अ‍ॅडॉल्फ अँडरसन हा तेव्हाचा युरोपातला अव्वल खेळाडू एकवीस वर्षांच्या पॉल मॉर्फीशी सामना खेळला. मॉर्फी आजारातून उठलेला होता, तरी त्याच्यापुढे ई४ टिकेना. मग अँडरसननं तीन डावांत पहिली चाल ए३ केली. त्यातला एक हरला, एक बरोबरीत सुटला, एक जिंकला. सामना मॉर्फीनं सात विजय, दोन पराभव आणि दोन बरोबऱ्या असा मारला. म्हणजे अँडरसनला त्या सामन्यात मिळालेल्या तीन गुणांपैकी दीड गुण या 'निरुपयोगी' चालीनं दिले.

का दिले? ए३ खेळून पांढरा म्हणतो, आता तुझी पाळी, तूच पांढरा हो. काळ्यानं ई५ केलं की पांढरा सी४ करतो, आणि मांडणी उलटी सिसिलियन होते (ई४ला काळ्यानं सी५ केलं की ती सिसिलियन, इथे रंग उलटे); सिसिलियन खेळणाऱ्याला ए-प्यादं एक घर पुढे लागतंच, ते आधीच तिथे असतं. काळा उत्साहानं मोठा हल्ला मांडायला गेला की ए३ अचानक कामाची ठरते. इथे विचार करण्यासारखं आहे. काळ्यानं अशी मांडणी शोधावी, जिथे ए३ला काही काम उरणार नाही. जी६, उंट जी७, घोडा एफ६, कॅसलिंग: तिथे ते ए३चं प्यादं बिचारं नुसतं उभं राहतं. मॉर्फी तसा खेळला नाही, तो ई५ आणि डी५ करून मध्यातून सरळ गेला. मॉर्फीला ते शोभतं. पण आपल्यासारख्यांनी समोरच्याची ती पहिली चाल वाया कशी जाईल एवढंच पाहिलं तरी पुष्कळ.

बी४ची गोष्ट लोकांना जास्त ठाऊक असते, कारण तिच्यात माकड आहे. १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत सुट्टीच्या दिवशी खेळाडू ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात गेले होते. तिथे सुझन नावाची ओरांगउटान मादी होती. टार्टाकोवरनं तिचा सल्ला घेतला म्हणे, आणि दुसऱ्या दिवशी मारोत्सीपुढे बी४ खेळला. प्यादं बी४वरून बी५वर असं झाडावर चढल्यासारखं जातं, म्हणून त्या ओपनिंगचं नावच ओरांगउटान पडलं. पुढे सोविएत खेळाडू सोकोल्स्की यानं तिच्यावर १९६३ मध्ये पुस्तक लिहिलं. मला ही ओपनिंग मनापासून आवडते, तिच्यात खोडी आहे आणि तरीही आतून ती घट्ट आहे. ई५ केलं, पांढऱ्यानं उंट बी२वर आणला की आपल्या उंटानं बी४ खायचं, तो ई५ खाईल. मध्यातलं प्यादं देऊन कडेचं घेतलं, म्हणजे कागदावर काळ्याचं नुकसान. पण घोडा एफ६वर आला की मोजून बघा. काळ्याचा उंट बाहेर, घोडा बाहेर, पुढच्या चालीला राजा घरात. पांढऱ्याचा एक उंट सोडून सगळं घरी. मी अशी पोझिशन कधीही घेईन.

आता मला ज्या डावाबद्दल लिहायचं होतं त्याकडे येते. बेलग्रेड, १९७०. एका बाजूला सोविएत संघ, दुसऱ्या बाजूला उरलेलं जग, दहा पट. जगाच्या बाजूनं पहिल्या पटावर डेन्मार्कचा बेंट लार्सन बसला होता. त्या काळात त्यानं इतक्या स्पर्धा जिंकल्या होत्या की पहिला पट आपल्यालाच हवा असं तो म्हणाला, आणि बॉबी फिशर, चक्क फिशर, दुसऱ्या पटावर बसायला तयार झाला. समोर विद्यमान जगज्जेता बोरिस स्पास्की. दुसऱ्या फेरीत लार्सनकडे पांढरी मोहरी होती आणि त्यानं बी३ खेळलं.

हा डाव मी वर्षातून चार-पाच वेळा तरी माझ्या रविवारच्या वर्गातल्या नव्या मुलांना दाखवते. आधी फक्त काळ्याच्या चाली एका दमात लावते. ई५. घोडा सी६. घोडा एफ६. ई४, कारण पांढऱ्याचा घोडा एफ३वर येऊन उभा आहे, त्याला हाकललं. उंट सी५. पांढऱ्याच्या घोड्यानं सी६चा घोडा मारला, तो डी-प्याद्यानं घेतला. बी-प्याद्यानं नव्हे! डी-प्याद्यानं घेतलं की सी८च्या उंटाची वाट उघडते आणि डी८च्या हत्तीसाठी सबंध पट्टी मोकळी होते. उंट एफ५. वजीर ई७. मोठ्या बाजूला कॅसलिंग. नऊ चाली झाल्या. मी मुलांना विचारते, यातली कोणती चाल बी३ला शिक्षा देणारी होती? मुलं बघत राहतात. एकही नव्हती. नऊच्या नऊ चाली कुठल्याही शहाण्या मास्तरांनी पहिल्या महिन्यात शिकवाव्यात अशा.

मग पांढऱ्याकडे बघायला सांगते. त्याचा घोडा एफ३, मग डी४, मग सी६ असा तीन वेळा हलला आणि मेला. बी१चा घोडा अजून घरात. राजा ई१वर. दोन्ही हत्ती झोपलेले. आणि दहाव्या चालीला लार्सननं एफ४ केलं.

इथून पुढे स्पास्की बदलला. घोडा जी४. पांढऱ्यानं जी३ करून एच४च्या शहाची वाट अडवली. एच५. पांढऱ्यानं एच३ करून घोड्याला विचारलं, जातोस का? स्पास्कीनं एच४ केलं. घोडा मरायला तिथेच ठेवला. लार्सननं तो खाल्ला, काळ्याच्या एच-प्याद्यानं जी३ खाल्लं आणि एचची पट्टी उघडली. पांढऱ्याचा हत्ती जी१ला सरकला. आणि चौदाव्या चालीला काळ्याचा हत्ती एच८वरून निघून थेट एच१वर जाऊन बसला. शेवटच्या ओळीत, पांढऱ्या हत्तीच्या शेजारी, फुकट.

मी हा हत्ती एच१ला ठेवते तेव्हा हात जरा रेंगाळतो. मुलंही पुढे झुकतात. पांढऱ्याला तो खावा लागतो. मग प्यादं जी२. ते एच१च्या हत्तीवरही रोखलंय आणि जी१ला वजीर व्हायलाही निघालंय. हत्ती एफ१ला गेला, काळा वजीर एच४ला शह, राजा डी१, प्याद्यानं एफ१चा हत्ती खाल्ला, वजीर झाला, पुन्हा शह. सतरा चाली. लार्सननं डाव सोडला. त्याचा बी१चा घोडा शेवटपर्यंत हलला नाही.

मुलांना वाटतं की बी३ हरलं. म्हणून मी लगेच सांगते की पुढच्याच फेरीत लार्सननं स्पास्कीला हरवलं, आणि ती ओपनिंग आजही लार्सनच्याच नावानं ओळखली जाते. हरली ती बी३ नाही. तीन वेळा हललेला तो घोडा आणि दहाव्या चालीपर्यंत मध्यात राहिलेला तो राजा, यांनी डाव घालवला. स्पास्कीनं बी३कडे बघितलं, मध्य मिळतोय म्हणून घेतला, आणि मग वाट बघितली. मला या डावात तो हत्ती एच१ जितका सुंदर वाटतो तितकीच त्याआधीची नऊ चालींची शांतताही सुंदर वाटते. किंबहुना जास्तच, कारण हत्ती एच१ मला कधीच सुचणार नाही. त्या नऊ चाली मात्र मलाही सुचू शकतात.

गँबिटचं जरा निराळं. तिथे प्यादं खरोखर देतात आणि ते घ्यायचं असतं. प्रश्न ते किती वेळ हातात धरून ठेवायचं हा आहे. डॅनिश गँबिटमध्ये पांढरा ई४ करतो, आपण ई५, मग तो डी४. आपण खाल्लं की सी३, तेही खाल्लं की उंट सी४, मग बी२ही खाल्लं की त्याचा दुसरा उंट तिथे येतो. दोन प्यादी आपल्या खिशात, आणि त्याचे दोन उंट आपल्या राजाकडे डोळे लावून. इथे चिकट माणूस मरतो. ऑस्ट्रियाचा कार्ल श्लेक्टर डी५ खेळायचा. उंटानं ते खाल्लं की घोडा एफ६, आणि पांढरा एफ७ला उंट देऊन आपला डी८चा वजीर मारतो. हे पहिल्यांदा बघणारा दचकतो. पण लगेच आपला उंट बी४ला शह देतो, आणि पांढऱ्याला वजीर मध्ये घालावा लागतो. वजिरासाठी वजीर, हिशेब बरोबर, वादळ संपलं. मिळालेलं योग्य वेळी परत करणं हे काळ्याचं फार मोठं कौशल्य आहे, आणि ते शिकवायला सर्वांत अवघड. लहान मुलांना वाटतं परत देणं म्हणजे हरणं.

याच न्यायानं, समोरच्याच्या वाकडेपणाला आपल्या वाकडेपणानं उत्तर देणं मला पटत नाही. एफ४ला ई५ करून प्यादं फेकणारे, ते फ्रॉम गँबिटवाले, मी पुष्कळ पाहिले. पांढऱ्यानं ई५ आणि डी६ खाऊन पुढे नुसता सी३ला घोडा काढला तर वजीर एच४चा शह बसतो, जी३ झालं की उंट तिथे पडतो, आणि पुढच्या चालीला मात. बघायला झकास. पण एफ४ खेळणाऱ्यानं हे शंभरदा पाहिलेलं असतं. तो त्याच्या घरी बसलाय, तुम्ही पाहुणे. त्यापेक्षा डी५, घोडा एफ६, जी६ करून त्याला आपल्या घरी बोलवावं.

घड्याळाचंही असंच. ओळखीच्या ओपनिंगला आपण पहिल्या दहा चाली झरझर खेळतो आणि विचार पुढे राखून ठेवतो. अनोळखी चालीला हे उलटं करावं लागतं. मी मुलांना सांगते, जी४ किंवा ए३ किंवा घोडा एच३ दिसला की पहिल्याच चालीला दोन मिनिटं द्या, हात मांडीखाली ठेवून. थिअरी, म्हणजे पुस्तकातल्या पाठ चाली, आठवायचा प्रयत्न करू नका, ती तिथे नाहीच. त्या चालीनं कोणतं घर सोडलं, कोणती वाट उघडली, कोणतं मोहरं अजून घरात राहिलं, एवढंच बघा. ती दोन मिनिटं मला फार मोलाची वाटतात. पहिल्या चालीपासून स्वतःच्या डोक्यानं खेळायला मिळणं ही आताच्या काळात दुर्मीळ गोष्ट झाली आहे. आता आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही पंधरा चाली पाठ असतात.

या रविवारच्या वर्गात एक मुलगी आहे, दहा वर्षांची. तिला सर्वांत जास्त भीती वाटायची ती ई४, ई५ नंतर लगेच एच५ला येणाऱ्या वजिराची. शाळेच्या स्पर्धांत ही चाल साथीसारखी पसरलेली आहे. वजीर एच५, उंट सी४, एफ७ला मात. घाईनं जी६ करून वजिराला हाकलायला जावं तर तो ई५चं प्यादं शहासकट खातो आणि एच८चा हत्तीही घेऊन जातो. ती दोनदा अशी हरली होती आणि तिसऱ्या वेळी काळी मोहरी आली म्हणून टॉयलेटमध्ये जाऊन रडली होती.

तिला मी मास्तरकी केली नाही, एक डाव दाखवला. २००५ सालचा, सिगमन स्पर्धेतला. पांढरा हिकारू नाकामुरा, अमेरिकेचा, आणि काळा आपल्या चेन्नईचा कृष्णन शशिकिरण. नाकामुरानं दुसऱ्या चालीला वजीर एच५ला आणला. ग्रँडमास्टरसमोर! तिचे डोळे विस्फारले. "ताई, खरंच?" खरंच. शशिकिरणनं आधी घोडा सी६ केला, म्हणजे ई५ राखलं. उंट सी४ला आल्यावर मग जी६. वजीर एफ३ला जाऊन पुन्हा एफ७कडे बघू लागला, तर घोडा एफ६. झालं. आता मोजायला सांगितलं. तिनं बोटं मोडली: काळ्याचे दोन घोडे बाहेर, पांढऱ्याचा एक उंट आणि दमलेला वजीर. आणि वजीर जिथे उभा आहे ते घर त्याच्याच घोड्याचं. "मग त्याचा घोडा कुठे जाणार?" हा प्रश्न तिचा तिनंच विचारला. मला फार आनंद झाला. शशिकिरणला तो डाव जिंकायला खूप वेळ लागला, थोडीच मोहरी उरल्यावरचं फार लांबचं एंडगेम खेळून तो जिंकला. तेही मी तिला सांगितलं. चांगल्या उत्तराचं फळ लगेच हातात पडत नाही, हे तिला ठाऊक असावं असं वाटलं.

उलट बाजूचंही एक उदाहरण तिला दिलं, कारण तिला आता सगळ्या विचित्र चाली हास्यास्पद वाटायला लागल्या होत्या. १९८०, स्वीडनमधलं स्कारा, युरोपियन सांघिक स्पर्धा. जगज्जेता कार्पोव्ह ई४ खेळला आणि इंग्लंडच्या टोनी माइल्सनं काळ्या मोहऱ्यांनी ए६ केलं, मग बी५. जगज्जेत्यासमोर कडेची दोन प्यादी. कार्पोव्हनं मध्य घेतला, मोहरी काढली, सगळं रीतसर केलं, आणि तरी हरला. पहिली चाल वाकडी होती, पुढच्या पंचेचाळीस नव्हत्या. माइल्स त्या पोझिशन आतून ओळखत होता. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग कार्पोव्हचं काय चुकलं?" मी म्हटलं, ओपनिंगमध्ये काही नाही. नंतर तो चुकला, जसे आपण सगळे चुकतो.

गेल्या महिन्यात तिची स्पर्धा होती. मी भिंतीला टेकून उभी होते. तिसऱ्या राउंडला तिच्याकडे काळी मोहरी, आणि समोरच्या मुलानं, तिच्याहून वर्ष-दीड वर्षानं मोठा असेल, जी४ केलं. मी चाळीस वर्षांत स्पर्धेत जी४ मोजून पाच-सहा वेळा पाहिलं असेल. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दोन्ही हात मांडीखाली गेले. घड्याळ इलेक्ट्रॉनिक, त्याला टिकटिक नसते, पण मला ऐकू येत होती. मग डी५. उंट जी२. तिचा हात सी८च्या उंटाकडे गेला, म्हणजे निदान मला तसं वाटलं, आणि तो तसाच पुढे येऊन सी-प्याद्यावर थांबला. सी६.

सातव्या-आठव्या चालीला तिची पोझिशन इतकी छान होती की मला बाहेर जाऊन पाणी प्यावंसं वाटलं. परत आले तेव्हा मोहरी कमी झाली होती, तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, दोघांचा एकेक हत्ती. चाळिसाव्या चालीच्या सुमारास तिनं हत्ती प्याद्याच्या मागे ठेवायचा तो पुढे ठेवला. त्यानंतर ते प्यादं हललंच नाही. बरोबरी झाली.

संध्याकाळी रिक्षात ती म्हणाली, "ताई, जी४ला मी बरोबर खेळले ना?" एकदम बरोबर, मी म्हटलं. "मग जिंकले का नाही?" घरी पोचल्यावर जेवणाआधी आम्ही पट मांडला. जी४चं नाव काढलं नाही. दोन राजे, दोन हत्ती आणि एक प्यादं एवढंच ठेवलं, आणि हत्ती प्याद्याच्या मागे कसा आणायचा ते बघत बसलो.